डोंगरातल्या नातेवाइकांकडे दोन दिवस: सासूसासऱ्यांना न्यावं का?

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला राहतो. माझ्या चुलत दिरांनी कोलोरॅडोत ब्रेकनरिजला घर घेतलंय. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलंय, लहानथोर धरून चौदा जण. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी डेन्व्हरला उतरून रात्रीच वर जाणार आणि रविवारी दुपारी परत निघणार. बरोबर पुण्याहून आलेले सासरे (७३, रक्तदाब, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी), सासूबाई (६८, मधुमेह, रात्री झोपेची गोळी) आणि माझा आठ महिन्यांचा मुलगा आहे. कोणी म्हणतं तिथे विरळ हवेचा त्रास होतो, कोणी म्हणतं काही होत नाही. यांना न्यावं का? ऑक्सिजनचे डबे घ्यावेत का? कुकर न्यावा का?

उत्तर: न्या. फक्त शुक्रवारची रात्र डेन्व्हरला काढा आणि शनिवारी सकाळी वर जा. भाऊजींना वाईट वाटेल, त्यांनी रात्रीच्या जेवणाचा घाट घातला असेल, तरीही. बाकी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं विसरलात तरी चालेल, हे एवढं विसरू नका.

मी या डोंगरांमधल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात १७ वर्षं काम करते आहे. शनिवारी पहाटे आणि रविवारी पहाटे आमच्याकडे जे पाहुणे येतात, त्यांची कहाणी बहुतेक वेळा तुमच्या बेतासारखीच असते: शुक्रवारचं विमान, रात्रीचा प्रवास, उशिरा जेवण, गप्पा, आणि मग झोपच नाही.

आधी उंची नीट समजून घ्या. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर आणि तिथला विमानतळ त्याहून पन्नासेक मीटर वर. म्हणजे सामानाच्या पट्ट्याशी बॅगची वाट बघत उभे असता, तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या देवळाइतक्या उंचीवर असता. तिथून दोन-अडीच तासांत गाडी तुम्हाला २,९२६ मीटरवर ब्रेकनरिजला नेते. सकाळी समुद्रसपाटीला असलेलं शरीर रात्री जवळजवळ तीन हजार मीटरवर झोपायला गेलं, असा हा हिशेब. पायी चढत गेलो असतो तर एवढ्याला काही दिवस लागले असते आणि तेवढ्यात शरीर आपोआप रुळलं असतं.

वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं असं सगळे म्हणतात. प्रमाण सगळीकडे सारखंच असतं, जेमतेम २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ब्रेकनरिजला तो समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक आत येणारा ऑक्सिजनही तेवढाच. शरीर यावर लगेच उपाय सुरू करतं. श्वास खोल आणि भराभर होतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते. पण सगळं जुळून यायला दोन-तीन दिवस लागतात. त्रास सुरू होतो तो पोहोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांनी: डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं, झोप न लागणं. पहिली रात्र सर्वांत वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस खडखडीत बरा. शुक्रवार ते रविवारची भेट म्हणूनच नेमकी चुकीच्या लांबीची असते, त्रासाचे तेवढे तास पदरात पडतात आणि शरीर रुळेपर्यंत निघायची वेळ होते.

हे कितीजणांना होतं? १९९३ साली कोलोरॅडोतल्याच, १,९०० ते २,९५० मीटर उंचीवरच्या पर्यटनगावांत आलेल्या तीन हजारांहून जास्त प्रौढ पाहुण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चौघांत एकाला त्रास झाल्याचं दिसलं. समुद्रसपाटीहून येणाऱ्यांना जास्त, आणि गंमत म्हणजे साठीच्या आतल्यांना साठीच्या पुढच्यांपेक्षा जास्त. म्हणजे सासूसासऱ्यांची काळजी करता करता तुम्ही आणि तुमचा नवरा स्वतःच आडवे व्हाल, ही शक्यता अधिक. मॅरेथॉन पळणारा पस्तिशीचा तरुण बादली धरून बसलाय आणि त्याची आजी बाजूला बसून खुशाल चहा पितेय, हे दृश्य मी पाहिलेलं आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल मला खरं बोलायचंय ती. आपल्या घरांमध्ये विरळ हवेपेक्षा जास्त घोटाळा भीड करते.

यजमान तिथे वर्षभर राहतात, त्यांचं रक्त, त्यांची फुप्फुसं त्या हवेला सरावलेली. पाहुण्यांना काय होतंय हे त्यांना आठवतसुद्धा नाही. त्यांनी चार आठवडे बेत आखलेले असतात. पाहुण्याला वाटतं, एवढं कौतुकाने बोलावलंय, डोकं दुखतंय म्हणून सांगून कशाला विरजण घाला. म्हणून तो हसत पानावर बसतो, आग्रहाची दुसरी पोळी घेतो आणि रात्री न्हाणीघरात जाऊन उलटी करतो. माझे स्वतःचे वडील पहिल्यांदा आमच्याकडे वर आले तेव्हा मी पुऱ्या तळत होते, घरात बारा माणसं होती. बाबा कोपऱ्यात गप्प बसले होते. विचारलं तर म्हणाले, "प्रवासाचा शीण." मी, या विषयातली डॉक्टर, ते मान्य करून पुढचा घाणा तळायला घेतला. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर बाबा अंधारात सोफ्यावर डोकं धरून बसलेले. संध्याकाळी पाचपासून डोकं फुटत होतं. कोणाला सांगितलं नाही, कारण "तुझ्या सासरची माणसं होती."

त्यानंतर मी एक पद्धत पाडली आणि तीच तुम्हालाही सांगते. भाऊजींना आधीच फोन करून सांगा, की शनिवारी पाहुण्यांपैकी कोणीही न सांगता उठून खोलीत जाऊन पडलं तर त्याला उठवायला जायचं नाही, पण दर दोन तासांनी एकाने डोकावायचं. आणि शनिवारी संध्याकाळी व रविवारी सकाळी चहाच्या वेळी घरातल्या एकाच ठरलेल्या माणसाने प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे: डोकं दुखतंय का, भूक आहे का, झोप लागली का, चालताना किंवा बसल्याजागी दम लागतोय का. "बरं आहे ना?" असं विचारू नका. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं. एकच माणूस यासाठी, की चौदा जणांच्या घरात काकूला आजोबांचा खोकला माहीत असतो, नातवाला त्यांचं धापा टाकणं माहीत असतं, सुनेला त्यांनी न जेवल्याचं माहीत असतं. तिन्ही गोष्टी एका डोक्यात कुणाच्याच नसतात. मी रविवारी पहाटे कागदावर त्या एकत्र लिहून काढते तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

आता एकेकाचं.

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी तीन वर्षांपूर्वीची. आज दोन जिने सलग चढताना छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर वर जायला बहुधा हरकत नसते. तरी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा फोन करून विचारा, "तीन हजार मीटरवर एक रात्र" हे शब्द वापरून. नुसतं "कोलोरॅडोला जातोय" म्हटलं तर ते डेन्व्हर समजतील. पहिल्या दिवसांत रक्तदाब आणि नाडी थोडी वर जाते. मशीन बरोबर असेल तर बघा, पण दर तासाला बघून घाबरू नका आणि स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका. शनिवारी त्यांनी चढाचं चालणं, सामान उचलणं, दोन मजले वरखाली करणं टाळायचं. तिथली घरं उतारावर बांधलेली असतात, झोपायच्या खोल्या खाली आणि बैठक वर, असं बरेचदा असतं. भाऊजींना सांगून त्यांना बैठकीच्या मजल्यावरची खोली मागून घ्या. छातीत दुखलं तर ते उंचीमुळे असेल असं म्हणत बसायचं नाही. तिथेही छातीत दुखणं म्हणजे छातीत दुखणंच, लगेच ९११.

सासूबाईंच्या बाबतीत मला मधुमेहापेक्षा झोपेच्या गोळीची चिंता जास्त आहे. पुण्याहून येणाऱ्या आयांच्या पर्समध्ये अल्प्राझोलाम हमखास सापडतं. या जातीच्या गोळ्या श्वास मंद करतात. खाली चालून जातं, पण वर पहिल्या रात्री शरीर जास्त श्वास घेऊन तग धरत असतं आणि त्याच वेळी ही गोळी त्याला थोपवते. मात्र रोजची गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं. म्हणून काय करायचं हे जाण्याच्या दोन आठवडे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आदल्या रात्री नाही. दारूचंही तसंच आहे. पहिल्या रात्री कोणीच घेऊ नये, भाऊजींनी बाटली कितीही प्रेमाने उघडली तरी.

मधुमेहाची गोम अशी, की मळमळ झाली की माणूस जेवत नाही, पण सकाळची ग्लिमेपिराइड सवयीने घेतो. मग साखर उतरते. घाम, गोंधळ, थरथर, गळाठा ही साखर उतरल्याची लक्षणं आणि उंचीची लक्षणं इतकी सारखी दिसतात की घरात कोणालाच फरक कळत नाही. म्हणून सासूबाई विचित्र वागल्या तर सर्वांत आधी बोट टोचून साखर बघा. इन्सुलिन असेल तर गाडीत ठेवू नका. सप्टेंबरअखेरीस तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, आणि गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं असं समजायचं.

बाळ. निरोगी आठ महिन्यांच्या बाळाला न्यायला हरकत नाही. त्याला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही, त्यामुळे तुम्हाला दिसणार ते किरकिर, कमी पिणं, उलटी, झोपमोड. प्रवास, नवीन घर, दहा अनोळखी मांड्या यांनीही बाळ असंच वागतं, तेव्हा गोंधळ होणारच. पोहोचल्यापासून पहिल्या दिवसात असं सुरू झालं आणि दुसरं कारण दिसत नसेल तर उंची समजायची. पिणं निम्म्यावर आलं, लंगोट ओला व्हायचा थांबला किंवा श्वास भराभर चालू लागला तर दाखवायचं. आधीच्या आठवड्यात बाळाला चांगली सर्दी-खोकला झाला असेल तर मात्र मी नेऊ नका म्हणेन, कारण ताज्या सर्दीने फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. घाटात, आणि विशेषतः उतरताना, त्याला पाजत राहा म्हणजे कान दुखणार नाहीत. गाडी थांबवूनच पाजा, हे वेगळं सांगायला नको.

आता ज्यांचा तुम्ही प्रश्नात उल्लेखच केला नाही ते: यजमानांची मुलं. उंचीवर राहणारी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे खाली, म्हणजे समजा पुण्याला आजीकडे, राहून परत वर आली की त्यांच्या फुप्फुसात पाणी होऊ शकतं. आमच्याकडे हा प्रकार नेहमीचा आहे. घरच्यांना शंकाही येत नाही, कारण "हा तर इथलाच आहे." सप्टेंबरमध्ये ती मुलं नुकतीच परतलेली असतील तर जाऊबाईंच्या कानावर एवढं घालून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी इथले डॉक्टर मराठी माणसाला विचारतीलच असं नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय इतक्या उंचीवर जाऊ नये. नुसते वाहक असलेले बहुतेक लोक वर सुखाने राहतात, पण काहींच्या प्लीहेला वर गेल्यावर रक्तपुरवठा कमी पडतो आणि डाव्या बरगडीखाली जबर दुखू लागतं. चौदा जणांत कोणी वाहक असेल आणि असं दुखलं, तर गॅस म्हणून ओवा खात बसू नये. रुग्णालयात गेल्या गेल्या "मी सिकल सेल वाहक आहे" हे वाक्य म्हणावं.

औषधांचं. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे ज्याला डायमॉक्स म्हणून ओळखतात, ते खरंच काम करतं. प्रौढांसाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करून वरचे पहिले दोन दिवस. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोडा बेचव लागतो, एवढं ठाऊक असलं की माणूस घाबरत नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, लघवीची दुसरी गोळी चालू असणं, अशा वेळी मात्र विचारल्याशिवाय नाही. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध मिसळलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, पाकीट उलटून वाचा. डेन्व्हरला एक रात्र काढणाऱ्या प्रत्येकाला मी हे औषध देत नाही. पूर्वी कधी लेह-लडाखला किंवा अशाच उंचीवर त्रास झालेला असेल त्याला देते.

डोकेदुखीला पॅरासिटामॉल, जे इथे टायलेनॉल किंवा अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं. औषध एकच आहे, म्हणून पुण्याहून आणलेली गोळी आणि इथली गोळी दोन्ही घेऊ नका. आयबुप्रोफेन तरुणांना उत्तम लागू पडतं, पण सासूसासऱ्यांना नको. हृदय, रक्तदाब आणि मूत्रपिंड तिन्हींशी त्याचं वाकडं आहे.

पाण्याबद्दल एक खुळ पसरलंय की लिटरच्या लिटर पाणी प्यायलं की उंची बाधत नाही. हवा कोरडी असते, रोजच्यापेक्षा थोडं जास्त प्यावं, एवढंच. वयस्क माणसाने, त्यातून लघवीची गोळी चालू असताना, दिवसभर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखीनेच होते. चहा बंद करू नका. रोज चार कप पिणाऱ्याचा चहा कोणीतरी "उंचीवर चालत नाही" म्हणून तोडतं आणि मग त्या माणसाचं डोकं चहावाचून दुखतं. अशा एका काकांना मी उपचार म्हणून चहा दिलेला आहे.

ऑक्सिजनचे डबे घेऊ नका. दुकानात काउंटरवर रंगीत डबे मिळतात, त्यात काही लिटर ऑक्सिजन असतो आणि तो मोजक्या मिनिटांत संपतो. बरं वाटल्यासारखं होतं आणि खऱ्या आजाऱ्याला दाखवायला उशीर होतो. खरोखर गरज असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घरपोच मिळतो. या गावांत ही नेहमीची सोय आहे.

बोटावर लावायचा ऑक्सिमीटर मात्र जरूर न्या, कोव्हिडच्या काळातला घरात पडून असेलच. फक्त आकडा कसा वाचायचा ते शिकून जा. वर पहिल्या दिवशी ८८ ते ९३ हे सामान्य आहे. पुण्याच्या हिशेबाने ९४ च्या खाली गेलं की धावपळ करणारं घर तिथे रात्रभर झोपणार नाही. थंड बोटं, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून एकट्याचा आकडा बघू नका. खालून आलेल्या सगळ्यांचे बघा. सगळे ९० च्या आसपास आणि एकच ७८, तर तो एक आजारी आहे, मग तो तोंडाने काहीही सांगो.

रात्री आणखी एक गोष्ट दिसेल. झोपलेला माणूस भराभर चार-सहा श्वास घेतो आणि मग दहा सेकंद श्वासच घेत नाही. शेजारी झोपलेल्याची पाचावर धारण बसते. जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, तेव्हा मेंदू जरा वेळ श्वासाची आठवण करायची थांबवतो, असं ते गणित आहे. तो माणूस दिवसा ठीक असेल तर याने काही बिघडत नाही. ज्यांना घोरण्यासाठी रात्री मास्कचं यंत्र लागतं त्यांनी मात्र ते "दोनच रात्री तर आहेत" म्हणून घरी ठेवू नये.

केव्हा धावायचं ते आता सांगते. फुप्फुसात पाणी होणं हा प्रकार बहुधा दुसऱ्या रात्री किंवा त्यानंतर उद्भवतो: बसल्याजागी दम, कोरडा खोकला, सपाटीवर चालतानाही थांबावं लागणं, ओठ-नखं निळसर. १९६० साली डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी याचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा तो रुग्ण याच कोलोरॅडोत, अ‍ॅस्पेनमध्ये होता. तोवर अशा रुग्णांना बहुधा न्यूमोनिया झालाय असं समजलं जाई. ह्यूस्टन यांनी स्वतः के-२ च्या मोहिमांचं नेतृत्व केलं होतं. आणि १९६२ च्या चीन युद्धात तडकाफडकी वर पाठवलेल्या आपल्या सैनिकांवरून भारतीय लष्करी डॉक्टरांनी जे लिहिलं, त्यावर या शास्त्राचा मोठा भाग उभा आहे. त्यांचा १९६९ चा निबंध १,९२५ सैनिकांवरचा होता. दुसरा प्रकार मेंदूला सूज येण्याचा. तो या उंचीवर क्वचितच दिसतो, पण चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर ओळखायचा. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकायला लावा. एरवी चालता येणाऱ्याला ती जमत नसतील तर थांबू नका.

अशा वेळी "लगेच खाली न्या" हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, आणि ब्रेकनरिजला तो जसाच्या तसा पाळला तर फसायला होतं. नकाशा बघा. डेन्व्हरकडे जायचं तर आधी आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो सुमारे ३,४०० मीटरवर आहे. दक्षिणेकडे निघालात तर हूसियर पास साडेतीन हजारांवर. पश्चिमेला व्हेल पास ३,२५० मीटरवर. म्हणजे ब्रेकनरिजहून या तिन्ही वाटांनी खाली उतरण्यासाठी आधी वर चढावं लागतं, आणि रविवारी दुपारी त्या बोगद्याअलीकडे गाड्यांची रांग लागलेली असते. धापा टाकणाऱ्या माणसाला त्या रांगेत बसवू नका. जवळच फ्रिस्कोला रुग्णालय आहे, तिथे न्या किंवा ९११ लावा. ऑक्सिजन तिथेच सुरू होतो, आणि खाली न्यायचं की नाही ते मग ठरवतात. नुसती डोकेदुखी-मळमळ असलेल्याला मात्र रविवारी नेहमीसारखं गाडीने उतरवायला काही हरकत नाही. बोगदा काही मिनिटांत मागे पडतो आणि डेन्व्हरला पोहोचेपर्यंत चेहऱ्यावर रंग येतो. सासूसासऱ्यांच्या विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि औषधांची यादी फोनमध्ये नको, कागदावर ठेवा. फोन नेमका त्या वेळी दुसऱ्याच कोणाकडे तरी असतो.

शनिवारच्या बेताबद्दल. त्या आठवड्यात अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात आणि भाऊजी तुम्हाला बोरियास पासला नेणारच. तो रस्ता गावातूनच सुरू होतो आणि ३,४९९ मीटरपर्यंत जातो. गाडीने जाऊन, अर्ध्या तासात फोटो काढून खाली यायला कोणाची ना नाही, पण शनिवारी दुपारी आल्या आल्या नको. रविवारी सकाळी जा. खरं तर निम्म्या वाटेवरचे रंग जास्त चांगले, माथ्यावर झाडं संपतात. पाइक्स पीकवर ४,३०२ मीटरपर्यंत गाडी जाते म्हणून तिकडे वाकडी वाट करायचा कोणाचा विचार असेल तर या खेपेला राहू द्या. टोप्या आणि गॉगल सगळ्यांना लागतील, बाळालासुद्धा. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि थंड वाऱ्यात ते जाणवतही नाही.

डेन्व्हरला गाडी भाड्याने घ्याल तेव्हा टायर बघून घ्या. आय-७० च्या डोंगरी पट्ट्यात, मॉरिसन ते डॉटसेरो, १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात बर्फाला चालणारे टायर किंवा साखळ्या जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे. सप्टेंबरअखेरीस खिंडीत बर्फ पडणं अजिबात नवलाचं नाही. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेकवर पाय नको.

कुकर. जाऊबाईंकडे असणारच, पण चौदा जणांसाठी दुसरा लागेल, तेव्हा न्या. तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाताखाली येते. कुकरमध्येही आतला दाब ह्यूस्टनपेक्षा कमीच राहतो. वरणाला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या, राजमा-छोले असतील तर रात्रभर भिजवून चार. चहाही फिका होतो, पावडर थोडी वाढवून जास्त वेळ उकळू द्या. आणि लोणच्याची बरणी वर पोहोचल्यावर सिंकमध्ये धरूनच उघडा. खालची हवा आत कोंडलेली असते, झाकण फिरवलं की तेल बाहेर येतं. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर कैरीच्या लोणच्याचा एक डाग अजून आहे.